विणलेलं म्हणजे नक्की कसं विणलेलं?

"ताई, तुमचा माल निटेड आहे का वोव्हन?"

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, गणपती उठल्यावर चारच दिवसांनी न्हावाशेवा बंदरातून आमच्या कस्टम एजंटचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईंना फ्रॉक दाखवत होते, एका हातात हँगर, एका हातात फोन, आणि मी पटकन सांगून टाकलं, विणलेला आहे हो. तो म्हणाला, ते बरोबर आहे ताई, पण कसा विणलेला? मला प्रश्नच कळला नाही. आपल्याकडं स्वेटर विणतात, साडी विणतात, बाज विणतात, टोपलीसुद्धा विणतात, सगळ्याला एकच शब्द. आणि कस्टमच्या टॅरिफमध्ये, म्हणजे कोड आणि ड्युटीच्या पुस्तकात, कपड्याचं पहिलं दारच तिथं आहे. फाशात फासा अडकवून विणलेला कपडा, म्हणजे निटेड, ६१ व्या चॅप्टरमध्ये, मागावर ताण्या-बाण्यानं विणलेला, म्हणजे वोव्हन, ६२ व्या चॅप्टरमध्ये. या दोनातल्या चुकीच्या दारानं आत गेलं की पुढचा सगळा रस्ता चुकतो, आणि माझा तेव्हा चुकलेलाच होता, फक्त मला ते माहीत नव्हतं.

आमचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे सांगलीत, मारुती रोडच्या आतल्या बाजूला. २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं आणि निम्मा माल गेला, तेव्हापासून मी जपूनच माल भरते, पण गिऱ्हाईक बदललंय हे दिसतंच की. मोबाईलवर फोटो दाखवून विचारतात, असलं आहे का? मुंबईचे होलसेलवाले तोच माल बाहेरून आणून आम्हाला दुप्पट भावात देणार, मग आपणच का नको, असं म्हणून मी आणि माझ्या दोन मैत्रिणी, एक मिरजेची, एक इस्लामपूरची, तिघींनी मिळून आयात-निर्यातीला लागणारा आयईसी कोड काढला, चीनमधल्या एका व्यापाऱ्याकडून दिवाळीसाठी २८ बॉक्स मागवले. त्याच्या इनव्हॉइसवर सगळ्या मालाला एकच ओळ होती, मुलांचे कपडे, कॉटन. आणि आमच्या पहिल्या एजंटनं त्या एका ओळीवरून एकच कोड टाकून बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमचा कागद, भरली, ६१०९१०००, म्हणजे सुती निटेड टी-शर्ट. मला त्यानं विचारलंही नाही आणि मीही विचारलं नाही. हे आमच्या तिघींचं खरंच चुकलं, कारण २०११ पासून कस्टममध्ये सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे कोड कुठला, ड्युटी किती हे आयात करणाऱ्यानं स्वतः सांगायचं आणि त्याची जबाबदारी पण त्याचीच. एजंट फक्त कागद भरतो, सही आपल्या नावावर असते.

त्या २८ बॉक्समध्ये गोल गळ्याचे टी-शर्ट तर होतेच, पण कॉलरवाले होते, चेक्सचे शर्ट होते, हुडी होत्या, टी-शर्ट आणि बर्म्युडा असे एका पिशवीत पॅक केलेले सेट होते, तान्ह्या बाळापासून सात-आठ वर्षांच्या मुलीपर्यंतचे फ्रॉक होते आणि जीन्स होत्या. आता असेसमेंट फेसलेस झालंय, फाईल बघणारा अधिकारी दुसऱ्याच कुठल्या तरी शहरात बसलेला असतो, त्यानं सिस्टीमवर क्वेरी टाकली की वर्णन आणि वजन जुळत नाही, माल उघडून बघा. उघडल्यावर काय दिसणार हे वर लिहिलंच आहे.

दसरा गेला. माल सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनरच्या गोदामात, पडून, दर दिवसाचं भाडं चालू, दुकानात रॅक रिकामे, मैत्रिणींचे फोन. मी दुसरा एजंट शोधला, वयानं मोठा माणूस, तीस वर्षं याच कामात, आणि तो पहिल्याच बोलण्यात म्हणाला, "ताई, मला कोड विचारू नका, मला आधी कपडा सांगा. कोड कपड्याच्या पोटातच असतो." प्रत्येक प्रकारातला एकेक नग पुरवठादारानं आधी सॅम्पल म्हणून कुरिअरनं पाठवलेला माझ्याकडं घरी होता. म्हणाला, ते घेऊन बसा आणि प्रत्येकाचं सांगा मला, निट का वोव्हन, धागा कसला, कुणासाठी.

ते सगळे नग पिशवीत भरून मी विट्याला गेले, अण्णांकडं.

माझे वडील चाळीस वर्षं यंत्रमागवाले. आठ माग होते घराच्या मागच्या शेडमध्ये, आमचं बालपण त्या खडखडाटात गेलंय, माग बंद पडले की आम्हाला झोप यायची नाही इतकी सवय. नंतर सूत महाग, वीज महाग, कापडाला भाव नाही, एकेक करत माग भंगारात किलोवर गेले, आणि शेडमध्ये आता भाऊ शेंगदाणे भरतो. पण अण्णांनी एक गोष्ट ठेवलीय, पीक ग्लास. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, ते एक छोटं घडीचं भिंग असतं, कापडावर उभं करायचं, एक इंचाचा चौकोन दिसतो, त्यात आडवे-उभे धागे मोजायचे. कापड घ्यायला आलेला व्यापारी पहिल्यांदा तेच खिशातनं काढायचा.

अण्णांनी चेक्सचा शर्ट घेतला, कडेची शिवण थोडी उसवली, भिंग लावलं आणि म्हणाले, "ह्यो मागावरचा. ह्यो बघ ताणा, ह्यो बाणा. एक धागा वड, सरळ येतोय का न्हाई?" सरळ आला, लांबच्या लांब. मग टी-शर्ट घेतला. "ह्यात ताणा न्हाईच. ही होजिअरी. धागा वडलास तर शिडी पडत जाईल, बनियनची पडती तशी." पडली. पंधरा मिनिटांत जमिनीवर दोन ढीग झाले, आणि मी जे तीन आठवडे फोनवर समजून घेत होते ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. आपल्या धंद्यात हे दोन शब्द आहेतच की, होजिअरी आणि मागाचं कापड, मीच विसरले होते की कस्टमचं पुस्तक पण तेच विचारतंय.

मग जीन्स आली. मी ती न बघताच मागाच्या ढिगात टाकली, कारण डेनिम म्हणजे मागावरचं हे कुणालाही माहितेय. अण्णांनी ती परत उचलली, दोन बोटांत ताणून बघितली, आतली बाजू बघितली, भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ही जीन न्हवं. वरनं जीनसारखी केलीया, पण फासे हायत." आणि खरंच, निट डेनिम होतं ते, जेगिंगला वापरतात तसलं, तिरकी रेघ दिसेल अशी वीण आणि निळा रंग, लांबून कुणीही फसेल. म्हणजे खरी डेनिमची पँट ६२ मध्ये आणि ही ६१ मध्ये, दोन्ही रॅकवर शेजारी शेजारी लटकतात आणि दोन्हीला गिऱ्हाईक जीन्सच म्हणतं. मी त्या दिवशी ती पँट हातात घेऊन बसले होते आणि मला वाटत होतं की ज्या माणसाचं आयुष्य मागावर गेलं, ज्याच्या हुनराला आता बाजारात कुणी विचारत नाही, त्याचं ज्ञान या जाडजूड सरकारी पुस्तकाच्या बरोबर पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आता जे शिकले ते लिहिते, कारण आमच्यासारखे छोटे दुकानदार हल्ली बरेच जण थेट माल मागवायला लागलेत आणि मराठीत हे कुठं नीट वाचायला मिळत नाही.

हे कोड म्हणजे एचएस, हार्मोनाइज्ड सिस्टीम. ब्रुसेल्सला वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशन आहे, त्यांनी केलेली, १ जानेवारी १९८८ पासून चालू, पहिले सहा आकडे सगळ्या जगात सारखे आणि पुढचे दोन आपल्या देशाचे, असा आपला आठ आकडी कोड, कस्टम्स टॅरिफ अॅक्ट १९७५ च्या पहिल्या शेड्यूलमध्ये. कापडाचं सगळं सेक्शन अकरामध्ये, चॅप्टर ५० रेशीम इथून सुरू होऊन ६३ पर्यंत. बहुतेक लोक काय करतात तर गुगलवर टी-शर्ट एचएसएन टाकतात, जो आकडा येईल तो उचलतात. पण खरी गंमत आकड्यांच्या यादीत नाही, प्रत्येक सेक्शन आणि चॅप्टरच्या सुरुवातीला ज्या नोट्स असतात तिथं आहे, आणि त्या कायद्याचाच भाग आहेत, नुसती माहिती नाही. वर्गीकरणाचा पहिला नियमच सांगतो की हेडिंगचे, म्हणजे चार आकडी कोडचे, शब्द आणि या नोट्स यावरून ठरवायचं.

टी-शर्टच घ्या. आपण दुकानात कॉलरवाल्यालाही टी-शर्ट म्हणतो. ६१०९ मध्ये बसणारा टी-शर्ट म्हणजे हलका, निटेड, कॉलर नाही, बटण नाही, गळ्याला चीर नाही, आतून लव नाही, आणि खालच्या कडेला नाडी किंवा रिबचा घट्ट पट्टा नाही. कॉलर आणि बटणपट्टी आली की तो शर्ट झाला, मुलाचा असेल तर ६१०५, मुलीचा असेल तर ६१०६. पण तिथंही लगेच बसत नाही, कारण चॅप्टर ६१ ची नोट म्हणते की कमरेखाली खिसा असेल तर हा शर्ट नाही, खाली रिबचा पट्टा असेल तर नाही, आणि एका सेंटीमीटरमध्ये सरासरी दहापेक्षा कमी टाके असतील, आडवे आणि उभे दोन्हीकडं, कमीत कमी १० बाय १० सेंटीमीटरच्या तुकड्यावर मोजून, तरी नाही. म्हणजे जाडसर विणीचा कॉलरवाला शर्ट निघाला की तो स्वेटर-पुलोव्हरच्या ६११० कडं बघायचा. हे वाचून दाखवलं तर अण्णांचे डोळेच चमकले. इंचाला किती पीक, म्हणजे आडवे धागे, हे त्यांनी लाखो वेळा मोजलंय, आता सेंटीमीटरला किती फासे हे मोजायचं. सुई घेऊन, भिंग लावून, एकेक फासा पुढं ढकलत त्यांनी आमचे तिन्ही कॉलरवाले प्रकार मोजले, कागदावर आकडे लिहिले, खाली तारीख टाकली. दोन शर्टात बसले, एक बसला नाही.

हुडीला खाली रिबचा पट्टा होताच, आतून लवपण होती, म्हणजे ती सरळ ६११० मध्ये, आणि त्या हेडिंगला मुलगा-मुलगी असा भेद नाही, ६१०९ लापण नाही. पण शर्ट, पँट, जॅकेट यांना आहे, आणि कुणाचं हे कसं ठरवायचं तर पुढं उघडणारा कपडा बंद करताना डावी बाजू उजवीवर आली तर पुरुषाचा किंवा मुलाचा, उजवी डावीवर आली तर बाईचा किंवा मुलीचा. कपड्याच्या कटवरूनच स्पष्ट कळत असेल तर हे बघायचं नाही. आणि काहीच ठरवता आलं नाही तर तो मुलींच्या कोडमध्ये जातो. युनिसेक्स म्हणून आता जे एवढं येतंय त्याचं उत्तर हे आहे, आणि मला ते माहीत असतं तर मी पुरवठादाराला बटणपट्टीचे फोटो आधीच मागितले असते. आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, यात नवीन काय, आम्हाला उस्तादानं पहिल्या महिन्यात हेच शिकवलं.

सगळ्यात जास्त अडकले ते बाळांच्या फ्रॉकमध्ये. चीनचे साईज हे मुलाच्या उंचीवर असतात, ७३, ८०, ९०, १००, ११० असे, सेंटीमीटरमध्ये. आणि टॅरिफ म्हणतं की ८६ सेंटीमीटर उंचीपर्यंतच्या मुलांचे कपडे ते बाळांचे कपडे, निट असेल तर ६१११, मागावरचं असेल तर ६२०९, आणि बाळाच्या कोडमध्ये बसत असेल तर दुसरीकडं बघायचंच नाही, तिथंच ठेवायचं. म्हणजे एकच फ्रॉक, एकच रंग, एकच कापड, एका पिशवीत पाच साईज, त्यातला ८० चा फ्रॉक ६१११ मध्ये आणि ९० चा मुलींच्या ६१०४ मध्ये. आमच्या पॅकिंग लिस्टवर साईजप्रमाणे नगच दिलेले नव्हते, फक्त डझन. ते मोजायला बॉक्स परत उघडावे लागले. होलसेलमध्ये आपण सेट म्हणून सगळ्या साईज एकत्र घेतो, ती आपली पद्धत, पण तिकडं ओळीत वेगळं लिहावं लागतं.

आणि सेटवरून आठवलं, टी-शर्ट आणि बर्म्युडा. एका पिशवीत, एका किमतीत, एका हँगरला, म्हणजे एक वस्तू असं मला वाटत होतं आणि अजूनही व्यवहारात तसंच वाटतं. पण सेक्शन अकराच्या नोटप्रमाणे वेगवेगळ्या हेडिंगचे कपडे रिटेलसाठी एकत्र पॅक केले तरी आपापल्या हेडिंगमध्ये जातात. अपवाद सूट आणि एन्सेम्बलचा, म्हणजे जुळत्या जोडीचा, पण एन्सेम्बलला वरचा-खालचा कपडा एकाच कापडाचा लागतो, तीच वीण, तोच रंग, तोच धागा, आणि ६१०९ चा टी-शर्ट त्यात चालतच नाही. म्हणून आमचा प्रत्येक सेट फुटला, टी-शर्ट एकीकडं, बर्म्युडा दुसरीकडं, आणि पुरवठादाराकडून दोघांची वेगळी किंमत लिहून आणावी लागली.

धाग्याचं आता. आमच्या लेबलांवर काही ठिकाणी कॉटन १०० टक्के लिहिलेलं, काही ठिकाणी काहीच नाही. अण्णांनी कडेचे दोन-दोन धागे काढून काडी लावली. सूत असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. चार प्रकारांत मणी झाला. ही घरगुती परीक्षा, पुरावा नव्हे, टक्केवारी लॅबच सांगणार, आणि कस्टमनं नमुने लॅबला पाठवलेच होते, पण निदान लेबल खोटं आहे हे आम्हाला आधी कळलं आणि नवीन एजंटला आम्ही ते आपणहून सांगितलं.

मिश्र धाग्याचा नियम असा की वजनानं जो जास्त त्याचा कोड. साठ टक्के कॉटन, चाळीस पॉलिस्टर म्हणजे कॉटन. बरोबर पन्नास-पन्नास असेल तर ज्याचा चॅप्टर नंबर मोठा त्याचा, कॉटन ५२ वं चॅप्टर, पॉलिस्टर स्टेपल ५५ वं, म्हणून ते मॅनमेड, म्हणजे कृत्रिम धाग्याचं. पण तीन धागे आले की नीट बघावं लागतं. आमच्या एका प्रकारात कॉटन ४०, पॉलिस्टर ३५, व्हिस्कोस २५ निघालं. मी म्हटलं कॉटन सगळ्यात जास्त, म्हणजे सुती. नाही. पॉलिस्टर आणि व्हिस्कोस दोन्ही मॅनमेड, ५४ आणि ५५ हे दोन चॅप्टर दुसऱ्या कुठल्या चॅप्टरसमोर आले की एकच धरतात, म्हणजे ६० विरुद्ध ४०, आणि कपडा मॅनमेडच्या कोडमध्ये. हे मला नवीन एजंटनं फोनवर दोनदा समजावून सांगितलं तेव्हा कळलं.

काही जण विचारतील, कोड बदलला तरी ड्युटी तीच असेल ना, एवढा कशाला त्रास. बहुतेक तयार कपड्यांना बेसिक ड्युटी २० टक्के आहे हे खरं, २०१८ मध्ये १० ची २० केली. शंभर रुपयाच्या मालावर २० बेसिक, त्यावर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज म्हणजे २, झाले १२२, त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, ५ टक्के म्हणजे ६ रुपये १० पैसे. आयजीएसटीचा क्रेडिट मिळतो, पण ते २२ रुपये खर्चातच धरायचे. (आयजीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० पर्यंत ५ आणि वर १८ टक्के, आधी ती मर्यादा हजाराची होती आणि वर १२ होता, आमचा माल हजाराच्या आतला म्हणून आम्हाला फरक पडला नाही.) पण टॅरिफच्या बऱ्याच ओळींत नुसते टक्के नाहीत, टक्के किंवा नगामागे इतके रुपये, यातलं जास्त असेल ते, असं लिहिलेलं असतं. स्वस्त मालाला हे फार लागतं. समजा नगामागे ४५ रुपये लिहिलेत आणि शर्टाची किंमत १२० धरली, तर २० टक्क्यानं २४ व्हायला पाहिजेत पण भरायचे ४५, म्हणजे साडेसदतीस टक्के झाले. लहान मुलांचा माल स्वस्तच असतो, म्हणून शेजारच्या ओळीत गेलं तरी आमचं गणित बदलतं. महागडा ब्रँड आणणाऱ्याला हे जाणवणारही नाही. मला हे बरोबर वाटत नाही, तान्ह्याच्या आणि गरिबाच्या कपड्यावर टक्केवारी जास्त बसावी हे, पण इथले शिवणारे टिकावेत म्हणून ते लावलंय हेही मला कळतं, माझ्याच घरचे माग भंगारात गेलेत.

आणि चुकीचा कोड टाकला की फरकाची ड्युटी, त्यावर व्याज, माल सोडवायचा दंड असं सगळं लागू शकतं. आमच्याबाबतीत आम्ही स्वतः सगळं कागदावर मांडून दिलं, प्रत्येक प्रकाराचं वर्णन, अण्णांचे मोजलेले आकडे, फोटो, लॅब रिपोर्ट आल्यावर ते जुळले, त्यामुळं हेतू वाईट नव्हता हे मान्य झालं, तरी दंड भरावा लागलाच आणि भाड्यासकट या खेपेचं मार्जिन गेलं. माल दिवाळीच्या दहा दिवस आधी सांगलीत पोचला. तिघींनी रात्री अकरापर्यंत बॉक्स फोडून लेबलं लावली.

बांगलादेशचं पण खूप जण विचारतात, कारण तिथून साफ्टाखाली, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांच्या व्यापार कराराखाली, कपड्याला बेसिक ड्युटी लागत नाही, २०११ पासून. पण त्याला तिथं बनल्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि २०२० च्या नियमांनंतर नुसता तो कागद पुरत नाही, माल तिथं कसा बनला याची माहिती आपल्याकडं ठेवावी लागते, विचारली की द्यावी लागते. शिवाय १७ मे २०२५ पासून बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांवरून येत नाहीत, फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरातून. तिकडं जायचं की नाही हे आमचं अजून ठरलेलं नाही.

आता माझ्याकडं एक वही आहे. ऑर्डर द्यायच्या आधी प्रत्येक डिझाईनला एक पान. वर सॅम्पलचा छोटा तुकडा स्टेपल केलेला, जसं अण्णा कापडाच्या क्वालिटीचे तुकडे लावायचे तसं, खाली निट का माग, धागे किती टक्के, बटणपट्टी कुठली वर, खालची कड कशी, खिसा कुठं, साईजवार नग किती. पुरवठादाराला सांगितलंय की हे सगळं इनव्हॉइसवर ओळीवार आलं नाही तर पैसे सुटणार नाहीत. पहिल्यांदा तो नाराज झाला, म्हणाला एवढं कुणी मागत नाही. आता देतो. बंदी असलेले अॅझो रंग कापडात नाहीत याचं सर्टिफिकेट पण मालाबरोबरच मागवते, नाही तर नमुने काढण्यात परत दिवस जातात. आणि एजंटला बिल ऑफ एंट्री भरायच्या आधी चेकलिस्ट पाठवायला सांगते, ती रात्री जेवण झाल्यावर मी आणि मिरजेची मैत्रीण फोनवर ओळ न ओळ वाचतो. ज्यांचा माल मोठा आहे आणि कोडबद्दल खरंच शंका आहे त्यांच्यासाठी कस्टमच्या अॅडव्हान्स रुलिंगची सोय आहे, मुंबईतही आहे, माल यायच्या आधीच लेखी उत्तर मिळतं. आमच्या २८ बॉक्सला ते मोठं पडलं असतं.

एवढे वाद तर मोठमोठ्या ठिकाणी पण झालेत. अमेरिकेत स्नगी म्हणून एक बाह्या असलेलं पांघरूण मिळायचं, कस्टम म्हणायचं हा कपडा, १४.९ टक्के भरा, कंपनी म्हणायची हे ब्लँकेट, ८.५ टक्के, आणि २०१७ मध्ये तिथल्या कोर्टानं ब्लँकेट ठरवलं. हे एजंटनं सांगितलं तेव्हा मला थोडा धीर आला, की बाही असली म्हणजे अंगरखा असंही नसतं, आणि याचा विचार करायला न्यायाधीश बसतात.

परवा अण्णा सांगलीला आले होते, डोळे दाखवायला. मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करायचंय. दुकानात बसले आणि पुढच्या हिवाळ्यासाठी आलेली सॅम्पल काढली. त्यात एक लहान मुलाचं जॅकेट आहे, अंगाचा भाग मागावरचा आणि बाह्या निट. मी म्हटलं, अण्णा, हे कुठल्या ढिगात? त्यांनी भिंग काढलं, मग ठेवून दिलं, म्हणाले आता मला फासे धूसर दिसत्यात, तू मोज. मी मोजले, त्यांनी शेजारी बसून फक्त विचारलं, सुई कुठं आहे, कितवा झाला, ओळ सुटली का. बाह्यांचं क्षेत्रफळ वेगळं, अंगाचं वेगळं, दोन्ही वहीत लिहिलंय. माझ्या मते जॅकेटचं जॅकेटपण अंगाच्या भागात आहे म्हणून ६२ व्या चॅप्टरमध्ये, एजंटला फोटो आणि आकडे पाठवलेत. त्याचं उत्तर आलं की ऑर्डर देणार.